दोन ल्युमेनचा प्रोजेक्टर: सिडकोतल्या एका जुन्या टीव्हीचं प्रकरण

मागणी साधी होती. नाशिकच्या सिडकोतल्या एका गल्लीत पोरांना क्रिकेटची मॅच सहा फुटी चित्रात बघायची होती, तीही पार्किंगमध्ये, सगळ्यांनी मिळून. हाताशी काय होतं? माळ्यावर धूळ खात पडलेला पण चालू असलेला १४ इंची रंगीत पिक्चर ट्यूबचा टीव्ही, केबलचा सेट-टॉप बॉक्स, आणि पुस्तकाच्या पानावर ठेवून अक्षरं मोठी करतात तो प्लास्टिकचा पातळ भिंगाचा कागद, म्हणजे फ्रेनेल लेन्स. पुढाकार घेणारा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. त्याचा मामा टीव्ही दुरुस्तीतला मुरलेला माणूस.

कल्पना जुनीच आहे. टीव्हीच्या काचेपुढे खोकं, खोक्याच्या तोंडाला लेन्स, समोर भिंत. अंधार केला की टीव्हीवरचं चित्र भिंतीवर. ती खोटी नाही, चित्र खरंच पडतं. मात्र ते किती उजळ पडतं, नीट वाचता येतं का, आणि टीव्ही ठेवायचा कुठे, या तीन ठिकाणी काम अडतं. इथेही तिन्ही ठिकाणी अडलं.

उजेडाचा हिशोब

हा हिशोब खोकं कापण्याआधी मांडायचा असतो. मुलाने तो खोकं झाल्यावर मांडला.

लेन्सचं माप २६ × १८ सेंमी, म्हणजे ०.०४६८ चौरस मीटर. नाभीय अंतर मोजायला दारात उभं राहून समोरच्या इमारतीचं चित्र पांढऱ्या कागदावर पाडलं. ते ३० सेंमीवर स्पष्ट झालं. (हे माप उन्हाचा ठिपका पाडून घेऊ नये. एवढ्या मोठ्या लेन्सखाली कागद काही सेकंदांत धुरावतो.) टीव्हीचं दिसणारं चित्र २७ × २० सेंमी.

सहा फूट म्हणजे साधारण १८० सेंमी. १८० भागिले २७, साधारण पावणेसात पट मोठं चित्र. लेन्सपासून भिंतीचं अंतर म्हणजे नाभीय अंतर गुणिले (पट अधिक १): ३० × ७.६७ = २३० सेंमी. टीव्हीपासून लेन्सचं अंतर ३० × (१ + १/६.६७) = ३४.५ सेंमी. इथवर सगळं सोयीचं.

आता उजेड. भिंतीवरचा प्रकाश म्हणजे टीव्हीची तेजस्विता गुणिले लेन्सचं क्षेत्रफळ, भागिले लेन्स ते भिंत अंतराचा वर्ग. जुन्या ट्यूबच्या पांढऱ्या भागाची तेजस्विता (पृष्ठभाग किती उजळ दिसतो ते माप) १५० कँडेला प्रति चौरस मीटर धरली, तर १५० × ०.०४६८ ÷ ५.२९ = १.३३. लेन्समध्ये पाचवा हिस्सा वाया जातो असं धरलं की उरतो जेमतेम १ लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप). पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास उजेड असतो. हे त्याच्या चौपट. पार्किंगमध्ये रस्त्याच्या एलईडी दिव्याचा उजेडच याच्या कितीतरी पट होता. थिएटरच्या पडद्यावर पांढरा भाग ४८ कँडेला प्रति चौरस मीटर असावा असा डिजिटल सिनेमाचा मापदंड आहे. आपल्या सहा फुटी भिंतीवर तो पाव कँडेलाच्या किंचित वर जातो. फरक पावणेदोनशे पटींचा.

एकूण प्रकाशाकडे बघितलं तर आणखी स्पष्ट होतं. एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात; एक ल्युमेन एका चौरस मीटरवर पसरला की एक लक्स. टीव्हीची काच सगळ्या दिशांना मिळून सुमारे २५ ल्युमेन टाकते. त्यातले लेन्समधून बाहेर पडतात दोन-अडीच. चित्र लहान करा, मोठं करा, हा आकडा दोनच्या आसपासच राहतो. फक्त तो किती जागेवर पसरायचा ते आपल्या हातात. एक मीटर रुंद चित्राला भिंतीवर २.८ लक्स मिळतात, ७५ सेंमीला ४.४.

दुकानी ट्यूब प्रोजेक्टर चालायचे ना, असं कुणी विचारेल. चालायचे, पण त्यांत लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन स्वतंत्र ट्यूब असत, बहुतेक ७ ते ९ इंची, ३० हजार व्होल्टच्या वर चालणाऱ्या आणि द्रवाने थंड ठेवलेल्या. प्रत्येक ट्यूब एकाच रंगाची, म्हणून आत छिद्रांची जाळी नाही. घरच्या रंगीत ट्यूबमध्ये ती जाळी असते आणि इलेक्ट्रॉनांचा मोठा वाटा तिच्यावरच आपटून वाया जातो. बाहेरून दोन्ही काचेच्या ट्यूबच, पण जात वेगळी.

पार्किंगचा बेत इथेच संपला. मुलाने मान्य केलं: घरातल्या अंधाऱ्या खोलीत, एक मीटर रुंदीपर्यंत.

खोकं

टीव्ही अख्खा खोक्यात घालायचा नाही. तो ५०-६० वॅट उष्णता टाकतो आणि नाशिकच्या मे महिन्यात खोलीच आधी तापलेली असते. बैलाला मुसकं घालतात तसं फक्त तोंडाला घालायचं, पाठ पूर्ण मोकळी.

अंबडच्या कारखान्यातून आलेले पाच पदरी पुठ्ठ्याचे खोके मिळाले, त्यांतून दोन बाह्या कापल्या. बाहेरची ३८ × ३४ सेंमी तोंडाची आणि ३० सेंमी लांब, टीव्हीच्या चौकटीवर घट्ट बसणारी. आतली सर्व बाजूंनी अर्धा सेंमी लहान, २५ सेंमी लांब, पुढच्या टोकाला लेन्सची पाटी. आतली बाही आत-बाहेर सरकवली की फोकस. दोन्ही बाह्या एकमेकींत निदान ८ सेंमी तरी अडकलेल्या राहाव्यात. त्याहून कमी ठेवलं की लेन्स मान टाकते आणि चित्र खालून रुंद, वरून अरुंद होतं किंवा उलट. पुढे झुकणाऱ्या भाराला खालून लाकडी पाया दिला.

सरकवणं फार नाजूक असतं, हे आकड्यांवरून दिसतं. टीव्ही ते लेन्स ३६ सेंमी असेल तर चित्र १८० सेंमीवर स्पष्ट होतं, ३५ केलं तर २१० वर, ३७ केलं तर १५९ वर. खोक्यातला एक सेंमी म्हणजे भिंतीकडचे वीस-तीस. म्हणून बाहीला पेन्सिलीने मिलिमीटरच्या खुणा केल्या आणि बाजूने चिमट्यात धरायची सोय ठेवली.

आतून काळं करताना पहिली चूक झाली. घरात होता म्हणून चकचकीत काळा ऑइलपेंट मारला. टीव्हीचे २५ पैकी २२-२३ ल्युमेन खोक्यातच अडकलेले असतात. चकाकी असलेल्या भिंतींवरून ते उसळून लेन्सबाहेर पडले आणि चित्रातला काळा रंग राखाडी झाला. त्यावर काळा कार्डपेपर चिकटवला, तेव्हा काळं काळं दिसलं. फळ्याचा रंगही चालतो. चौकटीच्या कडेने उजेड गळतो तोही असाच मारक: एक ल्युमेन गळला तरी तो पडद्यावरच्या एकूण प्रकाशाच्या निम्मा असतो. बाही जिथे टीव्हीला भिडते तिथे खिडकीला लावतात ती फोमची पट्टी बसवली.

लेन्सच्या एका बाजूला बोट फिरवलं तर वर्तुळाकार खाचा लागतात, दुसरी गुळगुळीत. गुळगुळीत बाजू टीव्हीकडे, खाचा भिंतीकडे. पहिल्यांदा उलट बसली होती. चित्राच्या मधोमध धुकं आणि कडांना चंद्राच्या खळ्यासारखी वलयं दिसत होती. शिवाय हा कागद अर्धा मिलिमीटरही जाड नसतो. नुसता चार कोपऱ्यांत चिकटवला की गरमीने पोट काढतो आणि चित्रात सरळ रेषा लाटेसारखी चालते. दोन काचांमध्ये दाबला तर सपाट राहतो, पण दर काचेमागे सुमारे आठ टक्के उजेड जातो. आधीच दारिद्र्य, त्यात ही उधळपट्टी नको; म्हणून लाकडी चौकटीवर दुहेरी टेपने चारही कडांनी ताणून बसवला, तबल्याच्या पुडीसारखा. धूळ पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ कापड. थिनर, स्पिरिट लावलं की प्लास्टिक पांढरं पडतं.

एक गैरसमज जाता जाता: लेन्स टीव्हीच्या काचेएवढी मोठी हवीच असं नाही. छोट्या लेन्सनेही पूर्ण चित्र पडतं, फक्त फिकं.

अक्षरं उलटी

"मामा, टीव्ही पालथा घातला की झालं ना?"

"चित्र सुलटं होईल रे. पण स्कोअर वाचायला आरसा घेऊन बसशील का?"

लेन्स चित्र उलटं करते एवढंच सगळ्यांना माहीत असतं. नेमकं काय होतं ते असं: भिंतीकडे तोंड करून बघणाऱ्याला वरचं खाली दिसतं, पण डावं डावीकडेच राहतं. टीव्ही पालथा घातला की वर-खाली जागेवर येतं आणि डावं-उजवं बिघडतं. चेहरे, झाडं, मैदान ठीक दिसतं. स्कोअर, नावं, जाहिराती सगळं आरशातलं. डावखुरा फलंदाज उजवा होतो.

यावर उपाय चार. लॅपटॉपवरून व्हिडिओ लावायचा असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या 'इफेक्ट्स अँड फिल्टर्स'मध्ये जाऊन चित्र फक्त उभं उलटं करता येतं. टीव्ही सरळच ठेवायचा, काहीही उघडायचं नाही. लॅपटॉपला एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर लागतो, तो एमजी रोडला मिळतो. दुसरा उपाय आरशाचा: टीव्ही पालथा, तोंड भिंतीकडे नव्हे तर भिंतीच्या कडेकडेने, आणि लेन्सपुढे ४५ अंशांत उभा आरसा. साध्या आरशात मागच्या चंदेरी थराबरोबर पुढच्या काचेचंही अंधुक प्रतिबिंब येतं म्हणून लोक घाबरवतात. इथे चित्रच इतकं मऊ असतं की ते कळतही नाही. तिसरा, पडदा अर्धपारदर्शक घेऊन मागून चित्र टाकायचं. चौथा, टीव्ही उघडून, चित्राच्या रेघा वर-खाली नेणाऱ्या उभ्या कॉइलच्या तारा उलटवायच्या.

इथे चित्र येणार होतं सेट-टॉप बॉक्समधून, त्यामुळे व्हीएलसी बाद. मोठा आरसा घरात नव्हता. आणि मामाच्या हातात स्क्रूड्रायव्हर आला की तो उघडल्याशिवाय राहतो थोडाच! चौथा उपाय ठरला. या घाईची किंमत पुढे मोजावी लागली.

योकच्या तारा

हे काम टीव्ही दुरुस्तीची सवय असलेल्यानेच करावं. बाकीच्यांनी वरचे तीन उपाय वापरावेत. त्यांत काही कमीपणा नाही.

१४ इंची रंगीत ट्यूबच्या ॲनोडला, म्हणजे रबरी टोपीखालच्या टोकाला, २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि ट्यूब स्वतःच कंडेन्सरसारखा भार धरून ठेवते, प्लग काढल्यावरसुद्धा. मामाने प्लग काढला, पाठ उघडली, ट्यूबच्या पाठीवरून जाणाऱ्या उघड्या अर्थिंगच्या वेणीला तारेचं एक टोक क्लिपने धरलं, दुसरं टोक चांगल्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला. एक हात खिशात. रबरी टोपीखालून पातं आतल्या धातूच्या आकड्याला टेकवलं: 'टक्'. पाच मिनिटांनी पुन्हा टेकवलं. पुन्हा बारीकसा टक्. काचेत मुरलेला भार असा परत वर येतो, म्हणून एकदा करून भागत नाही. मग पॉवर सप्लायचा मोठा फिल्टर कंडेन्सर. २३० व्होल्टचे तिथे सुमारे ३२५ डीसी झालेले असतात. तो स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचा नाही, ठिणगीने बोर्डावरची तांब्याची पट्टी उडते. होल्डरमधला ६० वॅटचा साधा बल्ब दोन टोकांना लावून रिकामा करायचा.

ट्यूबच्या मानेवर बसलेली, इलेक्ट्रॉनांचा झोत वळवून काचेवर चित्र रंगवणारी तांब्याची कॉइल म्हणजे योक. तिच्याकडून बोर्डाकडे चार तारा येतात: दोन आडव्या कॉइलच्या, दोन उभ्या कॉइलच्या. रंगांवर विश्वास ठेवू नये, कंपनीगणिक बदलतात. कनेक्टर काढून मल्टिमीटरने मोजायचं. या सेटमध्ये एका जोडीत अडीच ओहम आले, दुसरीत अकरा. कमी ती आडवी, जास्त ती उभी.

उभीच का उलटवायची, याला दोन कारणं. समोरून टाकलेल्या चित्राला फक्त वर-खाली सुधारणं हवं असतं, तेवढं उभ्या कॉइलने होतं आणि टीव्ही सरळ ठेवता येतो. दुसरं, आडव्या कॉइलवर, झोत एक रेघ काढून परत येताना, हजार व्होल्टच्या आसपास ठोके बसतात. तिथला जोड कच्चा राहिला तर ठिणगी पडून ती कॉइल चालवणारा लाइन आउटपुटचा ट्रान्झिस्टर जातो. उभ्या कॉइलवर दाब शंभर व्होल्टच्या आतलाच. योक मानेवर फिरवून काम होईल असं काही जण सुचवतात. ते अजिबात करू नये: रंग जुळवायच्या रबरी पाचरी तिथे डिंकाने बसवलेल्या असतात, आणि मान ही ट्यूबची सर्वांत नाजूक जागा, तिला तडा गेला की आत हवा शिरली, ट्यूब मेली.

तारा कापल्या नाहीत. कनेक्टरच्या प्लास्टिकच्या घरातून दोन पिना सुईने सोडवून त्यांची अदलाबदल केली. सेट चालू केला आणि काचेवर मधोमध एकच झगझगीत पांढरी आडवी रेघ. मामाने त्याच क्षणी मेन स्विच बंद केला. एक पीन घरात पूर्ण बसली नव्हती, उभी कॉइल तुटलेली राहिली, आणि अख्ख्या चित्राचा प्रवाह एका रेघेत कोंबला गेला. अशी रेघ काही वेळ राहिली तरी काचेच्या आतला चमकणारा लेप, म्हणजे फॉस्फर, जळून कायमचा डाग पडतो. पीन 'कट' आवाज येईपर्यंत दाबली. या वेळी निवेदक डोक्यावर उभा दिसला. खोकं लावलं, भिंतीवर तो पायावर आला आणि स्कोअर वाचता आला. चॅनेलचा बोर्ड, सेट-टॉप बॉक्सचा मेन्यू, सगळं आपोआप बरोबर आलं, कारण ते सगळं त्याच रेघांनी रंगतं.

ब्राइटनेस वाढवला, काय मिळालं?

काही नाही. मुलाने रिमोटवर ब्राइटनेस पूर्ण केला आणि मागच्या बाजूचा 'स्क्रीन'चा प्रीसेट, म्हणजे जुळवणीचा छोटा स्क्रू, तोही थोडा फिरवला. पांढरं तेवढंच राहिलं, काळं वर आलं, आणि चित्रावर तिरक्या बारीक रेघा दिसायला लागल्या. त्या झोताच्या परतीच्या रेघा, एरवी झाकलेल्या असतात. टीव्हीत झोताचा प्रवाह मर्यादेत ठेवणारं सर्किट असतं, ते सरासरी उजेड वाढू देत नाही. प्रीसेट जागेवर आणला. योग्य पद्धत उलटी आहे: कॉन्ट्रास्ट पूर्ण, आणि ब्राइटनेस खोली अंधारी करून चित्रातला काळा भाग नुकता काळा दिसेल इतका खाली. शार्पनेस शून्याकडे, कारण ती नुसती पांढरी किनार काढते आणि मऊ लेन्सने तिचा धब्बा होतो.

अंधार मात्र खरा हवा. खिडकीबाहेरच्या दिव्याचा एक लक्स जरी भिंतीवर आला, तर २.८ लक्सचं चित्र आणि काळा भाग यांच्यातलं प्रमाण जेमतेम पावणेचारास एक होतं. खिडकीला जाड चादर दुहेरी लावली. मोबाइलच्या लक्समीटर ॲपवर विसंबू नये, एवढ्या कमी उजेडात ते काहीही सांगतं.

टीव्ही बसला माणसांच्या जागेवर

एक मीटर रुंद चित्रासाठी लेन्स भिंतीपासून १४१ सेंमीवर. त्यामागे ३८ सेंमी खोकं, त्यामागे तितकाच खोल टीव्ही. म्हणजे भिंतीपासून सात फुटांपर्यंतचा मधला पट्टा यंत्राने अडवला, आणि लोक बसले त्याच्या मागे किंवा दोन्ही अंगांना. मागच्यांना चित्राचा खालचा अर्धा भाग टीव्हीच्या पाठीने झाकलेला. टेबल खाली घेऊन लेन्स वर तिरपी केली तर चित्र वर गेलं, पण समलंब झालं आणि वरची कड पार विस्कटली. एवढ्या लहान नाभीय अंतराच्या लेन्सला हा दोष चिकटलेलाच आहे. अंतर वाढवायला लांब नाभीय अंतराची लेन्स घेतली तर तेवढ्याच चित्रासाठी उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. दोन्हीकडून कोंडी.

सोडवणूक घराच्या नकाशातच होती. सिडकोच्या जुन्या घरांत पुढची खोली आणि आतली खोली यांच्यामध्ये एक साधं दार असतं. इथे ते ७५ सेंमी रुंद. दाराच्या चौकटीत ट्रेसिंग पेपर ताणला, टीव्ही आतल्या खोलीत ठेवला, माणसं हॉलमध्ये बसली. ए-शून्य मापाचा ट्रेसिंग पेपर ८४ सेंमी रुंद येतो, तो उभा लावला की दोन्ही बाजूंना चिकटवायला पुरतो.

फक्त, मागून बघताना डावं-उजवं आणखी एकदा उलटतं. योक उलटवलेल्या टीव्हीचं चित्र आता आरशातलं दिसायला लागलं. मागून टाकायचं असेल तर टीव्ही नुसता पालथा घालणं पुरतं, आतल्या तारा मूळच्याच हव्यात. मामाने निमूटपणे पाठ पुन्हा उघडली, पुन्हा दोन वेळा टक् करून भार काढला आणि पिना होत्या तशा बसवल्या. पडदा समोरून की मागून, हे आधी ठरवलं असतं तर तारांसाठी टीव्ही एकदाही उघडावा लागला नसता.

पालथ्या टीव्हीची काळजी वेगळी. वजन दहा किलोच्या आसपास, आणि त्यातलं बहुतेक पुढे, कारण ट्यूब पुढच्या चौकटीलाच चार कानांनी बोल्ट केलेली असते. म्हणून टेकू चौकटीखाली: ५ सेंमी जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या, वर जुन्या गालिच्याचे तुकडे. यामुळे वरची, म्हणजे आता खालची, जाळीही मोकळी राहिली. आतला बोर्ड खाचांत नुसता सरकवलेला असतो, तो पालथा केल्यावर सुटून पडू नये म्हणून दोन केबल टाय. पालथं केल्यावर एका कोपऱ्यात जांभळट डाग दिसला. ट्यूबची दिशा बदलली की पृथ्वीच्या चुंबकत्वाने असं होतं. मेन स्विच अर्धा तास बंद ठेवून पुन्हा चालू केला, आतली, चुंबकत्व पुसणारी डिगॉसिंग कॉइल 'घूं' करून गेली, डाग गेला. रिमोटने बंद-चालू करून हे होत नाही. हवा द्यायला १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा मागे ठेवला, पण ट्यूबपासून हातभर लांब. त्यातल्या चुंबकानेही रंग बिघडतात.

७५ सेंमी चित्रासाठी लेन्स ते कागद ११३ सेंमी, टीव्ही ते लेन्स पावणे ४१. सगळं मिळून सव्वासहा फूट खोली लागली. ट्रेसिंग पेपरला मधोमध तेजाचा गोळा दिसतो आणि बाजूला बसलेल्याला तो सरकलेला दिसतो. दुसरा कागद चार बोटं अंतरावर लावून बघितला: गोळा पसरला, पण चित्र फिकं आणि धूसर झालं. एकच कागद ठेवला आणि बसणाऱ्यांना दाराच्या समोर, सरळ रेषेत, आठच जणांना बसवलं. आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून, पडद्यामागून येतो. थिएटरातही तो तिथूनच येतो.

कडांच्या अस्पष्टपणावर पूर्ण इलाज नाही. एकाच लेन्सचा फोकस सपाट पडद्यावर सपाट बसत नाही, आणि ट्यूबची काच फुगीर असेल तर त्यात भर. लेन्सच्या डाव्या-उजव्या कडा तीन-तीन सेंमी काळ्या पट्टीने झाकल्या. उजेडाचा चौथा हिस्सा गेला, ४.४ लक्सचे साडेतीनच्या खाली आले, पण अक्षरं जुळून आली. पुढची युक्ती मुलाची: स्कोअरची पट्टी चित्रात खाली असते, मग फोकस मधोमध कशाला जुळवायचा? त्याने खालच्या तिसऱ्या हिश्शावर जुळवला. वरचे प्रेक्षक आणि आकाश थोडं धूसर गेलं, कुणाची तक्रार आली नाही.

खर्च लेन्स, कार्डपेपर, ट्रेसिंग पेपर, टेप, फोम मिळून हजार रुपयांच्या आत. ३२ इंची एलईडी टीव्हीचं चित्र सुमारे ७० सेंमी रुंद असतं, आणि ते दिवे लावून दिसतं. म्हणजे एवढ्या खटाटोपातून रुंदीत पाच सेंमी जास्त मिळाले. टीव्ही घ्यायला निघालेल्याने हा उद्योग करू नये. लेन्सचं सूत्र पुस्तकातून बाहेर आलेलं बघायचं असेल, आणि माळ्यावरचा टीव्ही नाहीतरी जाणारच असेल, तर दोन शनिवार-रविवार याला द्यायला हरकत नाही.

टीव्ही शेवटी टाकायची वेळ येईल तेव्हा घंटागाडीत द्यायचा नाही. योकच्या तांब्यासाठी मान फोडणाऱ्या भंगारवाल्यालाही नाही. ट्यूबच्या मागच्या फनेलच्या काचेत भरपूर शिसं असतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत हे सेट येतात, नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यायचे.

तोवर लेन्सवर पुठ्ठ्याचं झाकण सुतळीने बांधलेलं असतं. हॉलचं मुख्य दार पश्चिमेला आहे, आणि चारच्या सुमाराला ऊन मधल्या दारातून थेट त्या ३० सेंमी नाभीय अंतराच्या भिंगापर्यंत पोचतं.